अश्रू कोणाच्या बाजूने? : यामातो, गंडम आणि हरलेल्या जपानची युद्धस्मृती

७ एप्रिल १९४५ रोजी जपानी आरमाराची 'यामातो' ही प्रचंड युद्धनौका अमेरिकन विमानांच्या माऱ्याखाली बुडाली. ओकिनावाच्या किनाऱ्यावर जाऊन रुतायचे, तिथूनच तोफा चालवायच्या आणि परत यायचे नाही, असा तिला आदेश होता. डोक्यावर संरक्षणाला आपले एकही विमान नव्हते. तीन हजारांहून अधिक माणसे तिच्यासोबत समुद्राच्या तळाशी गेली. त्यानंतर बरोबर ३४ वर्षांनी, ७ एप्रिल १९७९ च्या शनिवारी संध्याकाळी, नागोयाच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवरून 'मोबाइल सूट गंडम' या मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. परंतु या दोन तारखांच्या मध्ये जो इतिहास आहे तो योगायोगाचा नाही. हरलेला देश आपल्या युद्धासाठी कसा रडतो, कोणासाठी रडतो आणि कोणाला रडण्यातूनही वगळतो, याचा तो इतिहास आहे.

मित्रांनो, "कार्टूनवर कसला इतिहास लिहायचा?" असे आपल्यातील काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील. त्यांना माझे म्हणणे एवढेच की, ज्या जपानने शाळेच्या पुस्तकात युद्धाबद्दल शब्द मोजून लिहिले, त्या जपानच्या दोन पिढ्यांनी युद्धाबद्दलची आपली भावना संध्याकाळच्या टीव्हीसमोर बसून घडवली. भावना घडवली जाते, ती आपोआप उगवत नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आणि जी घडवली जाते तिची चिकित्सा झालीच पाहिजे.

सुरुवात 'गंडम'च्या आधीपासून करावी लागते. ऑक्टोबर १९७४ मध्ये 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही मालिका सुरू झाली. कथा सन २१९९ मधली. गामिलास नावाच्या ग्रहावरून पृथ्वीवर किरणोत्सारी बॉम्ब पडत आहेत, समुद्र आटून गेले आहेत, माणसे जमिनीखाली बिळे करून राहत आहेत आणि मानवजातीकडे फक्त एक वर्ष उरले आहे. अशा वेळी आटलेल्या समुद्राच्या तळाशी गंजत पडलेल्या 'यामातो'च्या सांगाड्यातून एक अंतराळयान उभे राहते आणि १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या ग्रहावरून पृथ्वी शुद्ध करणारे यंत्र आणायला निघते.

मालिकेत निव्वळ युद्धखोरी होती असे मी म्हणणार नाही. गामिलासचा संपूर्ण ग्रह उद्ध्वस्त केल्यावर तिचा तरुण नायक कोदाई कोलमडतो. लढण्याऐवजी एकमेकांवर प्रेम करायला हवे होते असे त्याला वाटते. हा प्रसंग खरा आहे, प्रामाणिक आहे. पण मालिकेची एकंदर रचना पाहा. बॉम्ब कोणावर पडतात? आपल्यावर. बॉम्ब टाकणारा कोण? तर ज्याचा पोशाख आणि रुबाब जर्मनीच्या नाझींसारखा आहे असा परका. आता सप्टेंबर १९४० मध्ये याच नाझी जर्मनीशी लष्करी करार करणारा देश कोणता होता? जपान! म्हणजे मित्राचा गणवेश शत्रूला चढवला, हिरोशिमाची जखम स्वतःकडे ठेवली आणि चीन-कोरियात जे केले त्याला कथेत जागाच ठेवली नाही. शिवाय 'यामातो' हे फक्त जहाजाचे नाव नाही, ते खुद्द जपानचे प्राचीन नाव आहे. बुडालेली सत्ता धुऊनपुसून, निष्पाप करून, साऱ्या मानवजातीची तारणहार म्हणून आकाशात उडवली गेली.

पहिल्या प्रसारणात मालिकेला प्रेक्षक मिळाले नाहीत. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर आल्प्सच्या डोंगरातली 'हायडी' होती आणि घरोघरी तीच लागायची. 'यामातो' २६ भागांत गुंडाळली गेली. मग पुनःप्रसारणातून तिचा चाहतावर्ग वाढला, आणि ६ ऑगस्ट १९७७ रोजी तिचे संकलन चित्रपटगृहांत आले तेव्हा तरुणांनी आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या. ६ ऑगस्ट म्हणजे हिरोशिमाचा दिवस.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७८ मध्ये, दुसरा चित्रपट आला आणि जपानमधली तरुण मुले-मुली चित्रपटगृहात हुंदके देऊन रडली. शेवटी काय होते? बहुतेक सगळे सोबती मेलेले आहेत. कोदाई उरलेल्यांना उतरवून देतो, मेलेल्या प्रेयसीला शेजारी घेतो आणि जहाज घेऊन शत्रूवर स्वतःला झोकून देतो. तुझ्याकडे अजून तुझा जीव शिल्लक आहे, हे त्याला त्याचा दिवंगत कप्तान सांगतो. १९४४ च्या ऑक्टोबरपासून जपानी सैन्याने विशीतल्या पोरांना विमानासकट शत्रूच्या जहाजांवर आदळायला पाठवले, त्यांना नेमके हेच सांगितले गेले होते. चित्रपटाने प्रचंड कमाई केली. टीका झालीच. पाठोपाठ आलेल्या टीव्ही मालिकेत हाच शेवट बदलून नायकाला जिवंत ठेवावे लागले. पण लोकांच्या मनात रुतला तो चित्रपटातला शेवट.

असे रडणे मन हलके करते, पण प्रश्न विचारू देत नाही. मेला तो थोर, त्याच्यासाठी रडलो ते आपण चांगले, आणि ज्याने मरायला पाठवले त्याचे नाव घ्यायची गरजच नाही.

'गंडम' करणारी माणसे याच वातावरणातून आलेली. दिग्दर्शक योशियुकी टोमिनो यांचा जन्म नोव्हेंबर १९४१ चा, ओदावारा शहरातला. जपानने शरणागती जाहीर केली ती १५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारी. त्याच दिवशी पहाटे होण्याआधी ओदावारावर बॉम्ब पडले होते. टोमिनो तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. पात्रांची रेखाटने करणारे योशिकाझु यासुहिको १९४७ चे. हिरोसाकी विद्यापीठात विद्यार्थी चळवळीत उतरले आणि त्यापायी विद्यापीठाबाहेर काढले गेले. त्यांनी 'यामातो'वरही काम केलेले होते. ही व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुण झालेली पिढी. आपल्या देशाच्या संविधानात कलम ९ ने युद्धाचा त्याग केला आहे आणि आपल्याच भूमीवरच्या अमेरिकन तळांवरून दुसऱ्या आशियाई देशावरचे युद्ध चालते आहे, हा विरोधाभास तिने उघड्या डोळ्यांनी पाहिला होता.

आणि पैसा कोणाचा? खेळण्यांच्या कंपनीचा. हे विसरून चालणार नाही. 'क्लोव्हर' नावाच्या कंपनीला यंत्रमानवाची खेळणी खपवायची होती. मालिका म्हणजे दर आठवड्याची लांबलचक जाहिरात. टोमिनो यांनी याच कंपनीच्या पैशावर १९७७-७८ मध्ये 'झांबॉट ३' केली होती, आणि लहान मुलांच्या त्या मालिकेत जे दाखवले ते आजही अंगावर येते. शत्रू माणसांना पकडून नेतो, त्यांच्या शरीरात बॉम्ब बसवतो आणि परत सोडून देतो. कोणाच्या शरीरात बॉम्ब आहे? ज्याच्या पाठीवर ताऱ्याची खूण आहे त्याच्या. मग ती खूण असलेली माणसे आपल्यामुळे दुसरे कोणी मरू नये म्हणून गर्दीपासून स्वतःहून दूर जातात, मरणाची वाट बघत. कोणी आईला हाक मारत असते. दुसरीकडे, पृथ्वीसाठी लढणाऱ्या कुटुंबावरच बेघर झालेले लोक दगड फेकतात, कारण युद्ध तुमच्यामुळे आले असे त्यांना वाटते. अंगावरची खूण आणि तिच्यापायी माणसांतून उठून जाणे म्हणजे काय असते, हे या लेखाच्या वाचकांना मी काय सांगू?

आता 'गंडम'. सन ००७९, अंतराळयुगाचे. पृथ्वीवर लोकसंख्या मावेना म्हणून कोट्यवधी माणसांना अंतराळातल्या कृत्रिम वसाहतींमध्ये पाठवले गेले आहे आणि सत्ता मात्र पृथ्वीवर बसलेल्यांच्या हातात आहे. 'झिऑन' नावाचा वसाहतींचा समूह स्वातंत्र्याचे युद्ध पुकारतो. एका महिन्यात निम्मी मानवजात मरते. हे सगळे पहिल्या भागाच्या सुरुवातीच्या निवेदनातच उरकून टाकले आहे! मालिका सुरू होते ती या निम्म्या मरणानंतर, एका पंधरा वर्षांच्या एकलकोंड्या मुलापासून. आमुरो त्याचे नाव. शेजारीपाजारी डोळ्यांदेखत मरत असताना तो सैन्याच्या एका नव्या यंत्रात शिरतो, हातात माहितीपुस्तक धरून ते चालवतो आणि तिथून त्याची सुटका नाही. जहाजावर सगळे निर्वासित, बहुतेक पोरसवदा. कप्तान म्हणवणारासुद्धा एकोणीस वर्षांचा. आमुरो मध्येच नकार देतो, मी पुन्हा त्या यंत्रात बसणार नाही म्हणतो, थप्पड खातो, पळूनही जातो. 'यामातो'च्या नायकासारखा तो मरणाकडे डोळे लावून बसलेला नाही. त्याला फक्त घरी जायचे आहे.

आठव्या भागातला प्रसंग मला सर्वांत जास्त आवडतो, आणि त्यात लढाईशी संबंध नसलेली दोन माणसे आहेत. एक निर्वासित आई आणि तिचे लहान मूल गावी जायचे म्हणून जहाजावरून उतरतात आणि ओसाड माळावर चालू लागतात. वरून शत्रूचे टेहळणी विमान जाते. त्यातले सैनिक, म्हणजे 'वाईट' बाजूचे सैनिक, त्यांच्यासाठी अन्नसामान खाली टाकतात. मायलेकरे ज्या गावाच्या शोधात निघाली आहेत ते आणखी किती दूर, असा प्रश्न येतो तेव्हा कळते की गाव हेच होते. हा जो खड्ड्यांचा माळ आहे, तेच. बाई रडते. शत्रूचा सैनिक काही करू शकत नाही. बस्स, एवढेच. कोणी जिंकत नाही, कोणी थोर मरण मरत नाही. संध्याकाळी साडेपाचला, खेळण्यांच्या जाहिरातींच्या मध्ये, हे दाखवले गेले.

तेराव्या भागात आमुरो आपल्या गावी आईला भेटायला जातो. घरात दारू पिऊन पसरलेले सैनिक आहेत, आणि ते शत्रूचे नाहीत, त्याच्याच बाजूचे आहेत. फळे विकणाऱ्या बाईला ते त्रास देत आहेत. आई निर्वासितांच्या छावणीत सेवा करते. शत्रूची गस्त येते, आमुरो आजारी असल्याचे सोंग करून पांघरुणाखाली लपतो आणि तिथूनच एका सैनिकाला गोळी घालतो. आई भेदरते ती मुलाच्या जिवासाठी नव्हे, तर मुलाला पाहून. समोरच्यालाही घरदार असेल, तू असा कधी झालास, असे ती विचारते. मुलगा म्हणतो, मग मी मरायला हवे होते का? दोघांचेही बरोबर आहे. शेवटी तो आईला मिठी मारत नाही, सैनिकी सलाम ठोकतो आणि निघून जातो. वीरमाता आणि वीरपुत्र यांच्या कथांवर वाढलेल्या आपल्या समाजात हा प्रसंग किती जणांना पचेल, कोण जाणे.

पण मालिकेची खरी वैचारिक ताकद मला शत्रूच्या बाजूच्या चित्रणात दिसते. झिऑनची मूळ मागणी न्याय्य आहे. हद्दपार केलेल्यांना स्वराज्य हवे आहे. हा विचार मांडणारा नेता मरतो आणि झाबी नावाचे घराणे त्याच्या नावावर सत्ता बळकावते. नाव विचारवंताचे, ध्वज मुक्तीचा, आणि सिंहासन एका कुटुंबाचे. बाराव्या भागात या घराण्यातला तरुण मुलगा लढाईत मेलेला आहे. बापाला शांतपणे, घरच्या घरी निरोप द्यायचा आहे. थोरला भाऊ गिरेन ऐकत नाही. तो सरकारी इतमामात भव्य अंत्यविधी करतो, लाखोंसमोर भाषण ठोकतो आणि भावाच्या मृत्यूवर गर्दीला रडवून त्याच रडण्यातून तिला पुढच्या संहारासाठी पेटवतो. तो मुलगा मेला त्यात आपल्याच माणसाने केलेल्या दग्याचा हात आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, गर्दीला नसते. १९७८ च्या त्या चित्रपटाने प्रेक्षकांकडून जे करवून घेतले, ते 'गंडम'ने यंत्र उघडून आतले भाग दाखवावेत तसे दाखवले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला होता. भक्तीला अश्रूंची जोड मिळाली की ती वाट किती जवळची होते, हे पाहायचे असेल तर हा भाग पाहावा.

इथे एक कडवट गोष्टही नोंदवली पाहिजे. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने मला हेच भाषण मोबाईलवर दाखवले, पण "काय जबरदस्त बोलतो!" म्हणून. तो एकटा नाही. जपानमध्येही शत्रूचे गणवेश, त्यांची घोषणा, त्यांचा लाल यंत्रात बसणारा देखणा योद्धा शार, हे सगळे चाहत्यांनी डोक्यावर घेतले. दिग्दर्शकाने इशारा म्हणून मांडलेली गोष्ट प्रेक्षकाने झेंडा म्हणून उचलली. कलाकृती चांगली आहे म्हणून तिचा परिणाम चांगलाच होतो, हा भाबडेपणा आपण तरी करू नये.

पहिल्यांदा दाखवली तेव्हा 'गंडम'ही पडलीच होती. ५२ भागांची योजना ४३ वर आटोपली, जानेवारी १९८० मध्ये. शेवटच्या भागात आमुरो पेटलेल्या किल्ल्यातून आपल्या सोबत्यांकडे परततो. परत यायला आपल्याला माणसे आहेत, हाच त्याचा आनंद. कोदाईने जहाजासकट मरायला जाणे आणि आमुरोने यंत्र मागे टाकून जिवंत परत येणे, यांत दीडच वर्षाचे अंतर आहे!

मग जुलै १९८० मध्ये बांडाई कंपनीने गंडमचे जोडायचे प्लॅस्टिकचे छोटे मॉडेल ३०० येनला बाजारात आणले आणि दुकानांवर झुंबड उडाली. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोच्या शिंजुकू स्थानकाबाहेर हजारो तरुण जमले आणि तिथे ॲनिमेच्या नव्या युगाचा जाहीरनामा वाचला गेला. ज्या पिढीच्या थोरल्या भावंडांनी दहा-बारा वर्षांपूर्वी शिंजुकूतच व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने केली होती, ती पिढी आता चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जमली होती. मी त्यांना हिणवत नाही. आपल्या मनातले बोलणारी गोष्ट पहिल्यांदाच भेटली म्हणून ती मुले आली होती. पण युद्धाचा तिटकारा यावा म्हणून सांगितलेली गोष्ट युद्धयंत्रांच्या विक्रीवर जगते, हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही. २००९ मध्ये टोकियोच्या ओदाइबा भागात त्या यंत्राचा १८ मीटर उंच पुतळा उभा राहिला आणि लोक सहकुटुंब पाहायला गेले.

या पेचाला सर्वांत धीटपणे भिडली ती १९८९ मधली सहा भागांची 'वॉर इन द पॉकेट'. दिग्दर्शक टोमिनो नव्हेत, फुमिहिको ताकायामा. तिचा नायक आहे आल नावाचा शाळकरी मुलगा, ज्याला युद्ध भारी आवडते. म्हणजे तो तुम्हीआम्ही आहोत, मॉडेल विकत घेणारा प्रेक्षक. शत्रूच्या बाजूचा बर्नी नावाचा नवशिका सैनिक त्याचा मित्र होतो. शेजारची ताई, जी बर्नीला आवडू लागली आहे, तीच गंडम चालवते. हे बर्नीला कधी कळत नाही. बर्नी लढायला निघतो कारण त्याने ते यंत्र नष्ट केले नाही तर मुलाच्या शहरावर अणुबॉम्ब पडणार आहे. तिकडे तो बॉम्ब घेऊन येणारे आधीच शरण गेले आहेत. आल हे सांगायला धावत सुटतो. पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. बर्नी मरतो, ताई जखमी होते, आणि यातले काहीच करण्याची गरज नव्हती. बर्नीने मागे ठेवलेल्या चित्रफितीत तो मुलाला सांगतो की, मला मारणाऱ्याचा द्वेष करू नकोस. आणि शेवटी शाळेच्या सभेत आल ढसाढसा रडू लागतो. वर्गमित्रांना कारण कळत नाही. ते त्याची समजूत घालतात: रडू नकोस, पुन्हा लवकरच युद्ध होईल, याहून मोठे, याहून झकास.

ज्याचे दुःख कोणालाच सांगता येत नाही, असा हा मुलगा आहे. तो शत्रूसाठी रडतो आहे, आणि शत्रूसाठी रडण्याची परवानगी कोणतेच राष्ट्र देत नाही.

तरीही एक मोठी जागा रिकामीच राहते. 'गंडम'ने जपानी प्रेक्षकाला शत्रूच्या सैनिकासाठी रडायला शिकवले, पण ज्यांना जपानने ना मित्र मानले ना शत्रू, फक्त राबवून घेतले, त्यांचे काय? हिरोशिमात मेलेल्यांमध्ये हजारो कोरियन होते. त्यांतले कितीतरी सक्तीने मजुरीला आणलेले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले तेव्हा ते शांती उद्यानाच्या आत नव्हते. नदीच्या पलीकडे, बाहेर होते. एकाच बॉम्बने मेलेली माणसे, पण स्मारकाची वेस वेगळी! ते उद्यानाच्या आत आणले गेले १९९९ मध्ये. २९ वर्षे लागली नदी ओलांडायला. गावकुसाबाहेरचे मसणवटे पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजून घ्यायला जपानी भाषा यावी लागत नाही.

ॲनिमेच्या अवकाशातल्या युद्धांत हे कोरियन मजूर, नानजिंगचे नागरिक, सैनिकांच्या छावण्यांत कोंडलेल्या बायका फारशा भेटत नाहीत. ही उणीव 'गंडम' घडवणाऱ्यांपैकी निदान एकाने भरून काढायचा प्रयत्न केला. यासुहिको ॲनिमेपासून दूर होत चित्रकथेकडे वळले आणि १९९० पासून त्यांनी 'इंद्रधनुषी ट्रॉट्स्की' ही दीर्घ चित्रकथा लिहिली. तिच्यात यंत्रमानव नाही, अंतराळ नाही. १९३० च्या दशकातला मांचुरिया आहे, जिथे पाच वंशांच्या सलोख्याची घोषणा देत जपानी लष्कर राज्य करत होते आणि त्यासाठी एक विद्यापीठही काढले होते. नायक त्या विद्यापीठात येतो. त्याचे वडील जपानी आणि आई मंगोल. सलोख्याच्या घोषणेखाली नेमके कोण कोणाच्या पायाशी बसवले जाते, हे तो नोमोनहानच्या लढाईपर्यंत पाहत जातो. या पुस्तकाची मॉडेल निघाली नाहीत आणि त्याचा पुतळाही कुठे उभा नाही.